एकाच तारखेचे वारे

आधी वायर भिंतीतून काढ, दानिलो.
मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर,
आत उरलीसुरली वीज निघून जाऊ दे.
आता डब्याच्या पत्र्याला हात लाव.
हसतोस काय? या गावात स्वेटर घातलेला प्रत्येक माणूस
म्हणजे चालतीबोलती ठिणगी.

पुंता अरेनासमध्ये कॉम्प्युटर मरत नाहीत,
गुदमरतात.
बाजूचं झाकण उघड. पंख्यात बघ.
धूळ नाही ती, मेंढी आहे.
निम्मी मेंढी, निम्मी चुलीची राख.
फुंकर मारताना पात्यावर बोट ठेव,
मोकाट फिरू दिलंस तर पंखा कामातून जाईल.

रॅमची पट्टी ओढायची नाही.
दोन्ही टोकांचे कान मागे कर, आपण होऊन वर येते.
शाळेतल्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घास, हलक्या हाताने.
माझी अर्धी कमाई खोडरबरावर चालते,
हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही.

डॉन एलेउतेरिओ बार्रियांकडे मी गेले तेव्हा
यंत्र छान चालू होतं. ना बीप, ना निळा पडदा.
तक्रार एकच: "वारा चुकतोय."

एकतीस वर्षं दीपस्तंभावर काढलेला माणूस.
आता छपरावर वाऱ्याचं चक्र लावलंय,
रोज सकाळी सातला आकडा टिपून ठेवतात.
तारीख यंत्रच टाकतं.
आणि वीज वाचावी म्हणून रोज रात्री
भिंतीवरचं बटण बंद.

मी तक्ता उघडला.
एकशे सतरा ओळी,
आणि प्रत्येक ओळीपुढे एक जानेवारी दोन हजार नऊ.
चार महिन्यांचे वारे एकाच दिवशी वाहिलेले.
खरंच वाहिले असते
तर सामुद्रधुनीचं पाणी छपरावर आलं असतं.

घड्याळ मागे पडलं की आधी बॅटरी बघ, दानिलो.
मदरबोर्डवर नाण्याएवढी चकती असते,
किंमत दोन पावांइतकी.
नखाने कड उचल, नवी बसव, लिहिलेली बाजू वर.
काम सात मिनिटांचं. मी बसले तीन तास.

कारण ते एकेका वाऱ्याला घरी पोचवू लागले.
"हा ब्याण्णवचा? त्या दिवशी पोर्वेनीरची बोट सुटली नाही. मंगळवार.
हा एकशे आठचा, द्रागित्साचा पत्रा
आमच्या खुराड्यावर आला, लिहा, सोळा मार्च.
हा बाराचा..."
इथे अडकले.
बारा? या गावात?
मग गालावर हात गेला. "हां. दाढ काढली तो दिवस.
मी बाहेरच पडलो नव्हतो, मला कसं कळणार."

मी टाइप करत गेले.
मधल्या वेळात त्यांची अक्षरं दीडपट केली,
बाण लाल आणि जाड,
उठल्या उठल्या धावत सुटणारे अकरा प्रोग्राम होते,
त्यातले नऊ झोपवले.
पडद्यावर निळ्या तळ्याचं चित्र लावलं.
ते म्हणाले, काढा ते.
खिडकीत आहे तो रंग द्या.
राखाडी दिला. दोनदा बदलून घेतला,
कारण तोवर खिडकीतला बदलला होता.

शेवटी एक वारा उरला.
चौसष्टचा. ना बोट, ना पत्रा, ना दाढ.
मी म्हटलं, पुसून टाकते.
"का? वाहिला होता की."
तो अजून तिथेच आहे,
दोन हजार नऊच्या पहिल्या जानेवारीला, एकटा.

चल, झाकण लाव.
तू सहा स्क्रू काढले होतेस ना?
मग हा सातवा कुठला?