खड्ड्यातली बाई

रोज संध्याकाळी साडेसहाला
मी खड्ड्यात जाते.
म्हणजे खरोखरच जाते,
लोखंडी जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरून,
पाठीवर फ्रेंच हॉर्नची पेटी,
दातांत कॉफीच्या कपाचं झाकण.

रंगमंच आमच्या डोक्यावर.
वर कोण मरतं, कोण कुणाला वरतं,
ते आम्हाला बुटांवरून कळतं.
सहा वर्षं झाली, प्रयोग दोन हजारांवर गेले.
हे नाटक मी पाहिलेलं नाही.

नाताळच्या आठवड्यात आठाचे दहा प्रयोग होतात.
ऑगी डबलबासच्या आडोशाला मोजे विणतो,
दुसऱ्या अंकात त्याला एकशे चौदा बार काम नसतं,
एका प्रयोगात टाच पुरी होते म्हणे.
लाझ्लोच्या झांजेखाली खसखशीच्या रोलचा डबा,
झाकण वाजू नये म्हणून त्यावर रुमाल.
आणि शेवटी वर बर्फ पडतो, कागदाचा,
जाळीतून निसटून आमच्या केसांत,
हॉर्नच्या तोंडात.
मार्चमध्ये कधीतरी मोज्यांच्या खणात
त्यातला एक तुकडा सापडतो.
फेकवत नाही. ठेवून तरी काय करायचं.

बाहेर पडायचं ते नटांच्याच दारातून.
कठड्यामागे पोरीबाळी, गारठलेली नाकं, हातात मार्कर.
दार उघडलं की एक किंकाळी निघते
आणि मला पाहून अर्ध्यात विरते.
"सॉरी," एकदा एक पोरगी म्हणाली.
म्हटलं, अगं, चालायचंच.

यंदा चोवीस तारखेचा दुपारचा खेळ
मी क्विग्लीला देऊन टाकला.
बदली वादक. भाडं थकलेलं.
तो मागणार नव्हता, मी देते म्हटलं असतं तर घेणारही नव्हता.
म्हणून सांगितलं, दाढ दुखतेय.

मग घरी जायचं सोडून
शेवटच्या रांगेमागचं उभ्याचं तिकीट काढलं.

शेजारी कठड्याला रेललेला मर्विन,
स्क्रँटनहून बसने आलेला,
टपालात रात्रपाळी, डोळे लाल,
ही त्याची एकतिसावी खेप.
हे त्याने न विचारता सांगितलं
आणि आल्याच्या बिस्किटाचा अर्धा तुकडाही
न विचारताच हातात ठेवला.

पडदा गेला.
ज्याच्या टाचा मला पाठ,
तो माणूस केवढासा!
जी रडत असणार असं मी सहा वर्षं धरून चालले होते
ती त्या जागी चक्क हसत होती.
मी खुळ्यासारखी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

मग तो बर्फ.
वरून, लांबून, पिवळ्या उजेडात.
आणि त्याखाली क्विग्लीने सूर लावला,
स्वच्छ. खरं सांगायचं तर माझ्याहून स्वच्छ.

मर्विन कानाशी पुटपुटला,
"आज ती नाही."
कोण?
"हॉर्नवाली. ह्या सुराआधी ती श्वास घेते,
इथवर ऐकू येतो.
बुडता माणूस वर आल्यासारखा.
काटा येतो तो त्या श्वासाला.
सूर काय, नंतर येतोच."
थोडं थांबून,
"बरी असेल ना?"

त्या श्वासापायी कॉलेजात माझे गुण कापले गेले होते.
तो दाबायला मी आरशासमोर, उशीत तोंड खुपसून,
काय काय केलं होतं.

मी म्हटलं,
दाढबीढ दुखत असेल.

लोक कोट चढवत उठले,
खाली शेवटची धून चालूच होती.
ती संपेपर्यंत आम्ही दोघंच उभे.
मर्विनने टाळी वाजवली,
खड्ड्याकडे तोंड करून.

सात वाजता मी खाली उतरले.
खिशात बिस्किटाचा चुरा.
क्विग्लीने माझी खुर्ची जरा उंच केली होती, तशीच राहू दिली.
ती जागा आली तेव्हा श्वास घेतला,
नेहमीपेक्षा मोठ्यानेच.

मर्विनची बस तर साडेपाचलाच सुटली होती.

लाझ्लोने झांजेआडून मान काढली,
भुवयांनीच विचारलं:
सर्दी?