सातवं प्रूफ

तार्तूच्या छापखान्यात मी यंत्रावर असतो,
म्हणजे भांडणाच्या शेवटच्या टोकाला.
इथवर शब्द पोचत नाहीत,
फक्त मॅजेंटा वाढलेला दिसतो.

काळ्या पावाचं वेष्टन. सहा प्रूफं झाली.
उर्मास लिहायचा : जरा उबदार हवं.
लीलो नारिंगी ओतायची.
उर्मास लिहायचा : ठसठशीत.
लीलो दात आवळून अक्षरं फुगवायची,
आणि तिने काढलेली शहाजिऱ्याची नाजूक काडी
सरकत सरकत
बारकोडखाली गेली.
तिने एकदा विचारलं, उबदार म्हणजे किती?
तो म्हणाला, बघितल्यावर कळेल.
त्याने एकदा विचारलं, इथे रिकामं का सोडलंय?
ती म्हणाली, लागतं.
मी दोघांनाही शाई पुरवली.

सातव्या वेळी फाइल आलीच नाही.
ती दोघंच आली, बुटांना बर्फ,
उर्मासच्या काखेत अर्धा खाल्लेला पाव.

दुकानात उभी होती म्हणे तासभर,
तो दुधापाशी, ती खारवलेल्या काकड्यांपाशी,
एकमेकांची नजर चुकवत.
एक बाई आली. हातमोजा दातांनी ओढून काढला.
पुडकं हातभर लांब धरलं, मग नाकाशी,
उलटलं, पुन्हा उलटलं,
शेवटी अंगठ्याने दाबून पाहिलं
आणि शेजारच्या कंपनीचा पाव घेऊन गेली.

"अंगठ्याने वाचत होती ती," लीलो म्हणाली.
"मला तेच म्हणायचं होतं. उबदार. म्हणजे,
आजचा आहे की कालचा."
"मग ताजा म्हण ना, भल्या माणसा!
चार महिने मी सूर्यास्त रंगवतेय."
तो कानापर्यंत लाल झाला.
मग हळूच : "आणि ती रिकामी जागा?"
ती बराच वेळ गप्प. "खरं सांगू?
मलाही आज कळलं. तिथे खिडकी कापू.
पाव दिसू दे."

माझ्या टेबलावर वाया गेलेला कागद होता.
त्यावर उर्मासने अंगठा काढला, बटाट्यासारखा.
लीलो हसली नाही. तिने विचारलं,
संध्याकाळी पाचनंतर किती पाव खपतात,
आणि आकडा बटाट्याच्या पोटात लिहून घेतला.

आठवं प्रूफ परवा निघेल.
तारीख केवढ्या अक्षरात, यावरून पुन्हा जुंपली आहे
माझ्याच टेबलापाशी, यंत्राच्या धडधडीवर आवाज चढवून.
मी यंत्र थोडं हळू केलंय.