कच्ची वही

निपाणीत, तंबाखूच्या रिकाम्या वखारीच्या माडीवर
आम्ही दोघं मुद्दाम वीज घालवतो.
इराण्णा मोजतो, ओंदु, एरडु, मूरु,
आणि मी प्लग उपसते.
आज एकशे बारावी खेप.

नियम जुनाच: आधी कच्च्यात, मग पक्क्यात.
बाबा इथंच दिवाणजी होते.
बोद तोलला की कच्च्या वहीत आकडा,
खतावणी सावकाश, दिवेलागणीनंतर.
वखार पेटली तेव्हा
त्यांनी कच्ची वही तेवढी उचलली
आणि अकरा दिवसांत पक्कं सगळं
त्यातून पुन्हा उभं केलं.

आमचं घोडं अडतं डिस्कपाशी.
लिहिलंस? विचारलं की म्हणते, लिहिलं.
लिहिलेलं नसतं.
गालात धरून ठेवलेलं असतं नुसतं,
विड्यासारखं.

चाचणीला इराण्णानं गावांची यादी घेतलेली.
बदल चालला होता, बेळगावचं बेळगावी,
आणि पान मधोमध फाटलं:
वर नवं, खाली जुनं,
बेरीज कशाशीच जुळेना.
आम्ही हसलो.
मग कोणीच हसलं नाही.

हे फुकट वाटायचंय, उघडून कुणीही बघावं असं.
चालेल कुठल्याशा दवाखान्यात, पतपेढीत,
संकेश्वरात नाहीतर समुद्रापार.
आमची नावं कोण विचारतंय?
विचारतील एवढंच,
काल भरलेलं आज आहे ना?

पहाटेचे साडेतीन.
पान लिहिण्याआधी अख्ख्या पानाची नक्कल
कच्च्यात ठेवून बघू, मी म्हणते.
वही फुगेल, तो म्हणतो.
फुगू दे.

प्लग पुन्हा बसवला.
इराण्णा घसा खाकरतो.
ओंदु.