खांद्यावरची

मंगळवारी दोंडाईच्याच्या बाजारात
हिलाल सोनजी बंदूक खांद्याला अडकवूनच यायचा.
बारा बोअर, दुनळी, दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली,
पट्टा बैलाच्या जुन्या जोत्याचा.
दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी.
वीस वर्षं मी ठाण्याच्या दारातून हे पाहिलं.
विचारायचो, रात्री किती डुकरं?
तो बोटं दाखवायचा.
कधी नुसतीच मूठ.

नवे फौजदार आले तेव्हा मिरचीचा हंगाम होता.
नाकाला रुमाल, डोळ्यांत पाणी,
अशा अवस्थेत त्यांना बाजारात बंदूक दिसली.
गवसणी कुठंय? शिंकत विचारलं त्यांनी.
हिलालनं पिशवी खाली ठेवली, खिशातून परवाना काढला,
प्लॅस्टिकमध्ये, घामानं पिवळा पडलेला.
पीक संरक्षणार्थ, असं त्यावर होतं.
गवसणीबद्दल काही नव्हतं.

“लोक घाबरतात.”
“कोन घाबरना, साहेब? नाव सांगा.”
“झाकून न्यायला काय होतं?”
“लपाडस तो चोर लपाडस. मी कसाले लपाडू?”
मग त्यानं मान जराशी तिरकी केली,
“तुमना कंबरले काय शे?”

इथं कुणीतरी हसलं.
हसणारा सापडला असता
तर कदाचित बंदूक सुटली असती.

पंचनामा मी लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे.
दोन पंच मिरचीच्या ढिगावरून उठवून आणले.
भीती वाटली का, म्हणून विचारलं,
तर रतीलाल आडते म्हणाले, वाटली म्हणून लिहा,
तिकडं काटा खोळंबलाय.
मी लिहिलं : भीतीचे वातावरण.
शाई ओली होती, हिलाल समोर बसून वाचत होता,
ओठ हलवत, अक्षर अक्षर.
म्हणाला, नंबरमधला सात तुम्ही एकसारखा काढला.
मी सात नीट केला.
वातावरण तसंच राहू दिलं.

नंतरच्या मंगळवारी तो आला
मोकळ्या खांद्यानं,
पण उजवा खांदा तसाच, दोन बोटं खाली,
आणि मूठ छातीपाशी, नसलेला पट्टा धरून.
भज्यांच्या गाडीपाशी बायका बाजूला सरल्या.
वीस वर्षांत कधी सरल्या नव्हत्या.
फौजदार साहेबांनी खिडकीतून पाहिलं
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
कलम कुठलं लावणार?

रात्रपाळीला मी मुद्देमालाची खोली उघडायचो.
दारूचे कॅन, चोरीची सायकल, गांजाचं पोतं,
आणि कोपऱ्यात ती, गळ्यात चिठ्ठी बांधलेली.
नळी गंजू नये म्हणून तेल द्यायचो.
हे कुठल्या नियमात बसत नाही, ठाऊक आहे.
आणि तिकडं तापीकाठच्या मळ्यात
तो पत्र्याचा डबा बडवत असेल, हेही ठाऊक होतं.

सात महिन्यांनी हुकूम झाला, परत द्या.
हिलालनं बंदूक घेतली, मोडून उजेडाकडं धरली,
एक डोळा मिटून दोन्ही नळ्यांतून माझ्याकडं पाहिलं.
मग नाक लावलं.
“खोबरेल कोनी टाकं?”
मी रजिस्टर पुढं सरकवलं.
शस्त्र सुस्थितीत मिळाले, इथं सही.
त्यानं सही केली, आणि खाली स्वतःच्या अक्षरात
एक ओळ जोडली :
पट्टा कडक झाला आहे.

दारात फौजदार साहेब उभे.
हातात खाकी कापडाची नवी गवसणी,
शिंप्याकडून मापानं शिवून आणलेली.
पैसे कुणी दिले, ते मी विचारलं नाही.
हिलालनं ती घेतली, शिवण तपासली, चांगली आहे म्हणाला.
घडी करून मेथीच्या पिशवीत ठेवली
आणि बंदूक खांद्याला लावून
भर बाजारातून निघाला.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.
मला शिंक आली.