सदुसष्ट

बासष्टला काही नसतं.
चौसष्टला डब्यात एकच शेंगदाणा राहिल्यासारखं.
सदुसष्टला माझी सीट बोलायला लागते
आणि बहात्तरच्या पुढे चिडीचूप,
जणू मीच लावून सांगितलं काहीतरी.

"रस्ता तसा आहे," यतीन म्हणायचा.
लायमा ते टोलेडो, एक शनिवार सोडून एक,
कोथिंबीर, तूरडाळ, गोठवलेल्या पोळ्या,
दोन्हीकडे सोयाबीन आणि मधून हायवे
इस्त्री फिरवलेला.
असा रस्ता, तसा कसा असेल?

एकदा त्याने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून दाखवले.
"बघ. हलतंय का काही?"
नव्हतं हलत. खरंच नव्हतं.
त्याची कॉफी कपात निवांत
आणि माझ्या मांडीखाली कुणीतरी दळत बसलेलं.

तरी पुढची दोन चाकं बॅलन्स करून आणली त्याने,
रिमला वजनाचे नवे तुकडे, अलाइनमेंटचा छापील कागद.
माझ्या समाधानासाठी, म्हणाला.
कागद अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.
सगळे आकडे हिरवे.

बार्शीत अण्णांची पिठाची गिरणी होती.
गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ते भिंतीला पाठ टेकवायचे
आणि मध्येच म्हणायचे, पट्टा गेला.
कान फसतो, पाठ फसत नाही.
दगडाला टाकी लावायला यायचा तो माणूसही
आधी विचारायचा, कुठल्या अंगाला?
मग छिन्नी काढायचा.
हे मी यतीनला कधी सांगितलं नाही.
एकवीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे तो.

ब्लफ्टनला व्हर्लिन स्टकीचं गॅरेज,
बंद करायच्या वेळेला आम्ही पोचलो, किराणा डिकीत.
त्याने विचारलं, ब्रेक दाबल्यावर वाढतं?
यतीन म्हणाला, नाही.
वळणावर?
नाही. मुळात फारसं काही…
न्यूट्रलला टाकून सोडली तर?
"तरी येतं," मी म्हटलं.
तेव्हा म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं.
"हाताला की बुडाला?"
"बुडाला."
"कुठल्या?"
यतीन खाकरला.
"उजव्या," मी म्हटलं, "आणि जरा मागून."

त्याने किल्ली माझ्या हातात दिली.
यतीनला माझ्या जागी बसवलं,
स्वतः मागच्या सीटवर, गुडघे छातीशी, डोळे मिटून.
बासष्ट.
चौसष्ट.
मी काटा सदुसष्टवर धरून ठेवला,
पातेलं उतू जाणार नाही इतक्याच आचेवर धरतात तसा.
यतीन काही बोलला नाही.
त्याचा हात मांडीखाली गेला.
नंतर म्हणाला, "हे केव्हापासून?"
"मार्चपासून."
जरा वेळाने मी म्हटलं, "गेल्या."

मागचं उजवं चाक.
व्हर्लिनने ते लिफ्टवर सावकाश फिरवलं, तळवा रबराला लावून,
आणि एका जागी थांबला.
माझा हात धरून तिथे ठेवला.
फुगवटा, पुरीवर येतो त्याहून लहान.
वरून टायर शाबूत, खाचा खोल, अजून दोन वर्षं सहज;
आत पोलादी पट्टा थरातून सुटलेला.
"फुटला असता," तो म्हणाला. केव्हा, ते म्हणाला नाही.

नवा टायर, मजुरी धरून एकशे चौतीस डॉलर.
निघताना यतीन आपणहून उजवीकडे जाऊन बसला.
डिकीतली कोथिंबीर कोमेजेल म्हणून मांडीवर घेतली त्याने,
आणि दुसरा हात सीटखाली,
लायमाची पाण्याची टाकी दिसेपर्यंत.
सदुसष्ट.
"काही नाही," तो म्हणाला.
थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "काहीच नाही गं."

माझ्या ओठांवर आलं होतं,
रस्ता तसा आहे.
मी बहात्तर केले.