मराठी आठ

बाजार समितीच्या मागं, सरकीच्या गंजीपलीकडं
जे मैदान आहे, तिथं सकाळी सहाला
गौसभाई चुन्यानं आठ काढतो.
इंग्रजी आठ.
दोन पोटांचा, कुठूनच न सुटणारा.

मी विचारलं, मराठी आठ का नाही?
वरून उतरायचं, खाली एक वळण घ्यायचं
आणि शेपटी सोडून निघून जायचं घराकडं.
गौसभाई चुन्याचे हात झटकत म्हणाला,
ताई, साहेब बोलतो मराठीत,
पर आठ अंग्रेजीच मंगता.

मी दैवशाला खिल्लारे.
ऑर्डरवर तंत्रज्ञ, गावात लाईनमनबाई.
नऊ मीटरच्या खांबावर पक्कड कमरेला लावून चढते,
जंपर तुटला, डीपी पेटली,
एका फेजवर अख्खं गाव लटकलं,
सगळं कळतं मला.
आणि डाव्या हाताच्या चार बोटांत
ही जी एक तार आलीय क्लचची,
ती कुठं धरते नि कुठं सोडते
याचा नऊ दिवस झाले, पत्ता नाही.

सोडला की गाडी उडी मारते आणि मरते.
पुन्हा किक.
अर्धा सोडला की थरथरते,
दुसऱ्याच्या घरात रडू दाबलेल्या बाईसारखी.
तिथंच! ओरडतो गौसभाई,
तिथंच थांबो! वो काँपरी ना,
वहीच उसका हौ है.

आम्ही तिघं आहोत.
ओमप्रसाद, अठरा वर्षं तीन दिवसांचा,
सातवीपासून चालवतो,
शिकायला नाही, कागदाला आलाय.
आणि डोणगावकर सर, चित्रकलेचे, रिटायर.
जन्म गेला सायकलवर.
ते गाडीला हात लावायच्या आधी
चप्पल काढून आठावरून चालत जातात,
पायांना ओळख करून देतो म्हणतात.
चुना लागलेले त्यांचे पाय
मला दिवसभर आठवतात, का कुणास ठाऊक.

आतापर्यंत फॉल्टवर जायचं म्हणजे
कुणाच्या तरी मागं बसायचं.
खांद्यावर शिडी आडवी,
नजरेसमोर शर्टाची पाठ.
जिंतूर रस्त्याची सगळी गावं
मी पाठीच्या कडेनं पाहिलीत,
अर्धी शाळा, अर्धी चिंच,
अर्धा माणूस हात करतोय
आणि मला की पुढच्याला, ते कळायच्या आत गेला.

बुधवारी परभणीला टेस्ट.
छत्रीखाली साहेब, हातात चहाचा कागदी कप.
म्हणाला, पाय टेकला की नापास.
आमच्या खात्यात याहून कडक नियम आहे,
पाय टेकला की माणूसच उरत नाही,
पण ते मी बोलले नाही.
पहिलं पोट नीट गेलं.
जिथं दोन्ही पोटं एकमेकांना शिवतात
तिथं समोरून कुत्रं आलं म्हणावं तर तेही नाही,
उगंच,
डावा पाय आपला आपण खाली गेला.

सात दिवसांनी या.
डोणगावकर सर पास.
ओमप्रसाद नापास, जोरात गेला म्हणून.
तो हेल्मेट काखेत घेऊन हसत होता,
पण कान लाल झाले होते.

संध्याकाळी मैदानावर कुणी नव्हतं.
मी चुन्याची पिशवी घेतली,
वाकून वाकून काढला माझा आठ,
एकच वळण, आणि शेपटी
फाटकातून बाहेर, थेट रस्त्यापर्यंत.
चुना तिथं संपला.
गौसभाई बघत होता. काही बोलला नाही.
एल लिहिलेली पाटी पुसली लुंगीच्या टोकानं
आणि मागं बसला.

थरथरली. थांबले. सोडला.
सरकीचा वास मागं गेला,
मग टायरवाला, मग मशीद,
चिंच आली, अख्खी,
खालच्या पारावर बसलेल्या म्हातारीनं हात केला
आणि तो मलाच केला होता.

मागून गौसभाई म्हणाला,
जरा बाजूला वाको ताई,
सामने का कुछ दिखता नै.