रुमालाखाली

बाप सांगलीच्या पेठेत अडत दुकानाचा दिवाणजी,
रविवारी देवळाची घंटा ओढायचा.
त्यानंच शिकवलं रुमालाखालचं बोलणं:
दोन हात, वर एक रुमाल,
बोट धरलं की शंभर, मूठ दाबली की पाचशे,
चेहरा मात्र कोरा ठेवायचा.
मी शिकलो. घरीसुद्धा कोराच राहिला.

हरिपूरला शेटची हळदीची पेवं होती.
आधी दोरीनं कंदील आत सोडायचे,
तो विझला तर माणूस उतरवायचा नाही.
शेट म्हणायचे, इथं कीड जगत नाही,
दहा वर्षांनी काढा, जशीच्या तशी.
रात्री बाप शास्त्र उघडून
कसर आणि जंग यांच्यापाशी थांबायचा,
आणि मी मनात म्हणायचो,
प्रभूनं हरिपूर बघितलेलं नसणार.

मग कृष्णा आली.
पाणी ओसरल्यावर चिखलातून जे उपसलं
ते पिवळं नव्हतं. वास कसला होता
ते मी अजून जेवताना सांगत नाही.

प्रिस्किल्लाबाई साळवे, निवृत्त नर्स,
तुटकी चप्पल तारेनं बांधून चालणाऱ्या,
मंडळीच्या ओट्यावर पूरग्रस्तांचे तांदूळ मापता मापता म्हणाल्या,
"एलिया, बुधवारी संध्याकाळी काय करतोस?"
हिशेब, म्हटलं.
"मग मिरजेला ये. हिशेबाचाच माणूस पाहिजे."

खोटं बोलल्या.
वॉर्डात जतकडचे ढाले होते,
अर्धं अंग गेलेलं, जीभ गेलेली,
चादरीखाली उजवा हात तेवढा जिवंत.
"हात धर," म्हणाल्या, आणि गेल्या पुढच्या खाटेकडे.
सहाला पाच कमी. सहा-दहाची माझी एस.टी.

चादरीखाली त्यांनी माझं एक बोट दाबलं.
शंभर, मनात आलं. सवय.
पाणी हवं होतं त्यांना.
दोन बोटं म्हणजे कूस बदल.
मूठ म्हणजे काही नको,
बस नुसता.
एस.टी. गेली.
मूठ सुटेना.

त्याला आता वीस वर्षं होतील.
ढाल्यांनंतर शिरोळची एक बाई, एक ट्रकवाला,
एक पोरगा, ज्याचं नाव विचारायचं राहून गेलं.
प्रत्येकाच्या बोटांची बोली वेगळी.
भाव कुणीच सांगितला नाही.

संत वगैरे झालो नाही.
एका हंगामात भाव चढत होता म्हणून
बुधवार बुडवला.
क्विंटलमागे दोनशे सुटले.
पुढच्या बुधवारी त्या खाटेवर धुतलेली चादर होती,
चारी कोपरे नीट खोचलेली.
ते दोनशे कुठं गेले, आठवत नाही.
बहुतेक गाडीच्या टायरात.

या पावसाळ्यात खिडकीजवळच्या खाटेवर
प्रिस्किल्लाबाई स्वतः आहेत.
बोलतात कमी. बोटं सगळं बोलतात.
पाणी? नाही. कूस? नाही.
माझ्या मनगटावर दोनदा टोकलं,
घड्याळावर.
आहे वेळ, म्हटलं, गाडीला आहे अजून वेळ.
कपाळाला आठी घातली त्यांनी,
पूर्वी मापात तांदूळ कमी पडला की घालायच्या तशी,
आणि पलीकडच्या खाटेकडे बघितलं,
जिथं कुणीतरी कधीपासून
चादरीतून हात बाहेर काढत होतं.